फ्रियर संग्रहालय, वॉशिंग्टन: आई-बाबांना घेऊन एकच इमारत, सावकाश

कृष्णाकाठ

आई-बाबा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. मागच्या खेपेला आले तेव्हा एकाच शनिवारी मी त्यांना वॉशिंग्टनची चार संग्रहालयं दाखवली. विमानं, डायनोसॉर, हिरा, झेंडा. संध्याकाळी आईचे गुडघे सुजले. परत येताना गाडीत बाबांना विचारलं, काय आवडलं? ते बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "सगळंच छान होतं गं." ते वाक्य मला लागून राहिलं. बाबांनी ३४ वर्षं हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवली. गावातल्या कितीतरी मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. अशा माणसाला मी चित्रांसमोरून पळवत नेलं होतं.

म्हणून या खेपेला ठरवलं, एकच इमारत बघायची. तिच्यातलीही दोन-तीन दालनंच, आणि बाक दिसेल तिथे टेकायचं. इमारत निवडली फ्रियरची, कारण तिथे गर्दी कमी असते आणि जपानी चित्रांबद्दल बाबांना फार ओढ आहे. इथे आई-वडिलांना घेऊन फिरणारे बरेच जण आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चार्ल्स फ्रियर हा डेट्रॉइटचा. रेल्वेचे डबे बांधायच्या धंद्यात त्याने भरपूर कमावलं आणि पंचेचाळिशीच्या आसपास धंद्यातून अंग काढून घेतलं. पुढचं आयुष्य चित्रं, मातीची भांडी, जुनी कांस्यं जमवण्यात गेलं. १९०६ मध्ये त्याने सगळा संग्रह देशाला देऊ केला, १९१९ मध्ये तो वारला, आणि १९२३ मध्ये ही इमारत लोकांसाठी उघडली. इथली वस्तू बाहेर कुणाला उसनी द्यायची नाही अशी त्याने अट घातली होती, त्यामुळे काही जगप्रसिद्ध जपानी चित्रं बघायची तर इथेच यावं लागलं. शेजारी, बरंचसं जमिनीखाली, सॅकलर गॅलरी आहे. ती १९८७ची. दोन्ही आतून जोडलेल्या आहेत आणि दोन्ही मिळून आता नॅशनल म्युझियम ऑफ एशियन आर्ट.

आत गेल्यावर पहिल्यांदा आम्हाला थांबवलं ते दोन लाकडी द्वारपालांनी. माणसाहून खूप उंच, १४व्या शतकातले, ओसाकाजवळच्या साकाई गावच्या एबारादेरा मंदिराचे. अंग उघडं, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, कमरेचं वस्त्र वाऱ्याने एका बाजूला उडालेलं. आईने आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "चपला काढायच्या नाहीत ना इथे?" मग दोघांना नीट न्याहाळून म्हणाली, "हे तर जय-विजय." थोड्या वेळाने तिलाच दिसलं, की एकाचं तोंड उघडं आहे आणि दुसऱ्याचं घट्ट मिटलेलं. "हा बोलतोय आणि तो ऐकून घेतोय." मला अंधुक आठवत होतं की उघडं तोंड म्हणजे ओंकारातला अ आणि मिटलेलं म्हणजे म. तसं सांगितलं तर तिला इतका आनंद झाला की तिने दोन्ही तोंडांचे आकार स्वतः करून बघितले.

मग पडदे. जपानीत त्याला ब्योबू म्हणतात, म्हणजे वारा अडवणारं. आपल्याकडे दवाखान्यात घडीचं पार्टिशन असतं, तसंच, फक्त कागदाचं आणि सोन्याचांदीने रंगवलेलं. मला ज्यासाठी जायचं होतं तो पडदा तावाराया सोतात्सु या चित्रकाराचा, १७व्या शतकाच्या सुरुवातीचा. 'मात्सुशिमातल्या लाटा' हे नाव त्याला नंतर चिकटलं. सहा-सहा पटांची जोडी, एकेक पडदा पावणेचार मीटरच्या आसपास रुंद. हाही साकाईचाच, तिथल्या एका श्रीमंत दर्यावर्दी व्यापाऱ्याने मंदिरासाठी करवून घेतलेला. "म्हणजे ते दोघं आणि हा एकाच गावचे," आई म्हणाली, आणि त्यानंतर तिला ते जास्तच आवडायला लागलं.

चित्रात माणूस नाही, होडी नाही. खडक, त्यांच्यावरचे पाइन आणि पाणी. बाबा आधी लांबून बघत होते. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जवळ, म्हणजे जेवढं जाऊ देतात तेवढ्या जवळ गेले. लाटांच्या रेघा शेजारी शेजारी धावतात, कुठेही एकमेकींना चिकटत नाहीत. बाबांचा उजवा हात मांडीपाशी हलायला लागला, जणू हातात कुंचला आहे. म्हणाले, "ही रेघ एका दमात ओढलीय बघ. मध्ये रंग घ्यायला थांबला असता तर इथे गाठ पडली असती. गाठ नाही." मग काही पटांपुढे जाऊन, "इथे थांबलाय. लाट वळते ना, त्या वळणात लपवलंय." मुलांना आयुष्यभर रेघ शिकवलेल्या माणसाने ४०० वर्षांपूर्वीच्या चित्रकाराचा हात उचलला कुठे ते शोधून काढलं. मला तर तिथे नुसत्या लाटा दिसत होत्या.

दुसरी गोष्ट आईने पकडली. डावीकडच्या पडद्यात खाली एक विचित्र आकार आहे, वाळूचा दांडा म्हणा की ढग म्हणा, करडा-काळपट. मी म्हटलं, चित्रकाराने तसाच रंगवला असेल. आई म्हणाली, "नाही गं, चांदी आहे ती. काळी पडलीय." देवघरातली निरांजनं ५० वर्षं घासलेल्या बाईचा डोळा तो. पाटीवरची माहिती वाचली तर खरंच चांदी. मग आम्ही तिघांनी डोळे बारीक करून तो दांडा लखलखीत असताना कसा दिसत असेल ते बघायचा प्रयत्न केला. एका बाजूला सोनं, एका बाजूला चांदी, मध्ये पाणी, आणि मंदिरात दिव्याचा उजेड.

एक सांगते. हे पडदे घडीचे असल्यामुळे सपाट भिंतीसारखे उभे नसतात, नागमोडी उभे असतात. उजवीकडून डावीकडे सावकाश चालत गेलं की पुढचा पट उघडतो, मागचा मिटतो, आणि लाटा खरंच हलतात. ते जमिनीवर बसून बघण्यासाठीच केलेले असतात. बाबा उकिडवे बसले. पाहारेकरी बाई जवळ आल्या, मला वाटलं उठवणार, तर त्या म्हणाल्या, बरोबर बसलात. ४० मिनिटं आम्ही तिथेच होतो.

शेवटी मोरांची खोली. लिव्हरपूलच्या एका जहाजमालकाच्या लंडनमधल्या घरातली ही जेवणाची खोली, चिनी निळी-पांढरी भांडी मांडण्यासाठी केलेली. व्हिस्लर या चित्रकाराने १८७६-७७ मध्ये ती सगळी निळ्या-हिरव्यात रंगवली, मालकाच्या महागड्या चामड्याच्या भिंतींसकट, आणि पैशांवरून दोघांचं कायमचं फाटलं. तो राग व्हिस्लरने भिंतीवरच काढलाय. दोन मोर भांडताहेत आणि एकाच्या पायाशी नाणी पडलीत. फ्रियरने १९०४ मध्ये अख्खी खोली विकत घेतली. आई दारात थबकली. तिच्या लग्नातल्या पैठणीचा पदर नेमका याच निळ्याचा, असं ती म्हणाली, आणि नंतर बाकावर बसून तिने मला त्या पैठणीची सबंध हकिकत सांगितली. मी ती याआधी कधीच ऐकली नव्हती.

तुम्ही अशी आशियाई कलेची संग्रहालयं कुठे बघितलीत? कसं बघितलंत? लिहा. बाबांना रोज रात्री वाचून दाखवणार आहे.

वाटसरू

लेख मनापासून लिहिलाय, आवडला. पण एक वेगळं मत मांडतो. आमचे आई-बाबा एकदाच आले, परत येणं त्यांच्या तब्येतीला झेपणारं नव्हतं. अशा वेळी एकाच इमारतीत सबंध दिवस घालवायला मन धजत नाही. त्यांना गावी जाऊन सांगायचं असतं, हे बघितलं, ते बघितलं. तो आनंदही खराच असतो.

कृष्णाकाठ

वाटसरू, तुमचं म्हणणं पटतं. माझ्या आईलाही व्हाइट हाउससमोर फोटो हवाच होता आणि तो काढलाच. मी एवढंच म्हणेन, फिरण्याचे दहा दिवस असतील तर एक दिवस असा ठेवा. कोणता ते त्यांना विचारून ठरवा. मी मागच्या वेळी विचारलंच नव्हतं.

सिद्धम

सुंदर धागा. द्वारपालांबद्दल एक छोटी दुरुस्ती. त्यांना निओ म्हणतात आणि तोंडांच्या जोडीला 'अ-उन'. हे 'अ' आणि 'हूं' या संस्कृत उच्चारांवरून आलंय, ओंकारातला म नव्हे. अ म्हणजे तोंड उघडून निघणारा पहिला ध्वनी, हूं म्हणजे ओठ मिटून संपणारा शेवटचा. आरंभ आणि अंत. जपानमधल्या शिंगोन पंथाचे लोक आजही बीजाक्षरं सिद्धम लिपीत लिहितात. ती आपल्याकडून चीनमार्गे गेली आणि आपल्याकडे मात्र वापरातून गेली. मी पहिल्यांदा ती अक्षरं एका जपानी थडग्यावर बघितली तेव्हा दोन-तीन ओळखता आली आणि अंगावर काटा आला.

या संग्रहालयांमध्ये आपल्या ओळखीचे देव शोधत फिरा, आईंना फार आवडेल. बेंझाइतेन म्हणजे सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा. किचिजोतेन म्हणजे लक्ष्मी. बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, पण तिकडे जाऊन तो तांदळाच्या पोत्यांवर उभा राहिलेला हसरा, ढेरपोट्या देव झाला. गणपतीही आहे, कांगितेन, बहुधा दोन गजमुखी आकृती एकमेकांना मिठी मारलेल्या. पण तो देवळातही सहसा झाकलेला असतो, दर्शनाला काढत नाहीत. त्यामुळे संग्रहालयात तो दिसला नाही तर निराश होऊ नका.

आणखी एक. एवढ्या मोठ्या लाकडी मूर्ती सहसा एका ओंडक्यातून कोरत नाहीत. अनेक ठोकळे जोडतात आणि आतून पोकळ ठेवतात. त्याने वजन कमी होतं आणि लाकूड तडकत नाही. पुन्हा गेलात तर सांधे शोधा.

कृष्णाकाठ

दुरुस्तीबद्दल आभार. आईला सांगितलं. ती आता 'हूं' करून बघतेय.

उंबरठा

मला एक प्रश्न नेहमी पडतो. देवळाच्या दारातले द्वारपाल देऊळ सोडून इथे का? आपल्या चोळ कांस्यमूर्तींचंही तेच. त्यांच्या पायथ्याला भोकं असतात, दांडे घालून खांद्यावरून मिरवणुकीला न्यायची. त्या मूर्ती काचेआड बघताना मला गुदमरायला होतं. तुमच्या आईंना काय वाटलं?

सिद्धम

उंबरठा, जपानपुरतं सांगतो. १८६८ नंतर मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध देवस्थानं वेगळी करायचा हुकूम काढला. त्या लाटेत अनेक बौद्ध मंदिरं मोडली गेली, जमिनी गेल्या, भिक्षूंची उपजीविका गेली. मूर्ती, पडदे, पोथ्या विकल्या गेल्या. अमेरिकी आणि युरोपीय संग्राहक नेमके त्याच काळात तिथे पोचले. त्यांनी वाचवलं असंही म्हणता येतं आणि अडचणीत सापडलेल्यांकडून घेतलं असंही. दोन्ही खरंच आहे.

कृष्णाकाठ

आईने हात जोडले. दक्षिण भारताच्या दालनात पार्वतीसमोर तिने जोडवी काढावीत तशा सहजपणे पर्स खाली ठेवली आणि डोळे मिटले. नंतर म्हणाली, "हिला कुणी रोज नेसवत असेल गं पूर्वी. आता थंडी वाजत असेल." मला त्यावर उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही. ज्या मूर्ती चोरीच्या असल्याचं सिद्ध होतं त्या परत जायलाच हव्यात, याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही.

निळी_शाई

मी जे.जे.मध्ये मुद्राचित्रण शिकले, म्हणून राहवत नाही. लोक अशा संग्रहालयात शिरले की जपानी चित्रकार होकुसाईची मोठी लाट कुठे आहे विचारतात. ती लाट हे रंगवलेलं एकच एक चित्र नाही, लाकडी ठशांची छपाई आहे. १८३१च्या आसपासची. चित्रकाराने रेखाटायचं, कोरक्याने चेरीच्या फळ्यांवर कोरायचं, छापणाऱ्याने एकेका रंगाची फळी घेऊन कागद घासायचा, आणि पैसे लावणारा प्रकाशक वेगळाच. प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात एक खाच असते, तिला कागद टेकवला की रंग जागच्या जागी बसतो. आम्ही वर्गात तीन रंगांची छपाई करताना रडकुंडीला येत असू. कागद केसभर सरकला की नाकाचा रंग गालावर. त्यातला गाजलेला निळा तर युरोपातून आलेला, बर्लिनचा.

फ्रियरचं वैशिष्ट्य उलटं आहे. होकुसाईने स्वतःच्या हाताने रंगवलेल्या चित्रांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह तिथे आहे. काकांना पुढच्या वेळी १८३९चं एक छोटं चित्र मांडलंय का विचारायला सांगा: झाडाच्या वाकड्या बुंध्यावर एक मुलगा पाठमोरा बसलाय, बासरी वाजवतोय आणि समोर फुजी. होकुसाई तेव्हा ऐंशीच्या घरात होता. त्या मुलाची पाठ बघा. चेहरा न दाखवता सगळं सांगितलंय.

चाकावरची_माती

माझं काम मातीचं, म्हणून मी तर थेट चहाच्या वाडग्यांकडे जाते. सगळे वरून बघतात, आम्ही कुंभारकाम करणारे वाकून बूड बघतो. बुडाशी झिलई नसते, तिथे खरी माती दिसते, हाताचा दाब दिसतो, कापताना तार कशी फिरली ते दिसतं. राकू वाडगे तर चाकावर नसतातच, हाताने दाबून आणि मग कोरून केलेले असतात, आणि लालबुंद असतानाच भट्टीतून चिमट्याने बाहेर काढतात. कधी कधी तो चिमटा जिथे धरला तिथे खूण राहते. काचेआडच्या वाडग्यावर मी ती खूण शोधते. सापडली की त्या माणसाशी ओळख झाल्यासारखं वाटतं.

अजिंठावारी

मी छत्रपती संभाजीनगरचा, त्यामुळे जपान म्हटलं की मला अजिंठाच आठवतो. नारा जवळच्या होर्युजी मंदिराच्या मुख्य सभागृहात ७व्या शतकाच्या अखेरीची भित्तिचित्रं होती. त्यांतला बोधिसत्त्व आणि आपल्या १ नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी शेजारी शेजारी ठेवून बघा, मानेची तीच कलती, बोटांची तीच नाजूक घडी. ही चित्रं २६ जानेवारी १९४९ला आगीत होरपळली. त्यांच्या नकला काढण्याचं काम चालू असतानाच आग लागली. तेव्हापासून जपानमध्ये दरवर्षी २६ जानेवारीला देवळांमध्ये आणि वाड्यांमध्ये आगीशी लढायचा सराव करतात. आपण झेंडा फडकवतो त्याच सकाळी.

आणि अजिंठ्याच्या नकलांचं नशीब ऐका. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं लेण्यात बसून काढलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे.जे.च्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा काढल्या, त्यांतल्या बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. पुढे जपानी चित्रकार आले, त्यांत आराई काम्पो होता, टागोरांकडे आलेला. त्या नकला १९२३च्या तोक्योच्या भूकंपात गेल्या. मूळ चित्रं मात्र वाघूर नदीच्या त्या वळणावर अजून आहेत. मी आठवीत असताना शाळेच्या सहलीत लेण्यातल्या अंधारात कंटाळलो होतो. आता भाचरांना घेऊन जातो तेव्हा आधी पाच मिनिटं नुसतं उभं करतो. डोळे सरावले की चित्र भिंतीतून बाहेर येतं.

निळी_शाई

अजिंठावारी, ग्रिफिथ्सच्या त्या विद्यार्थ्यांची आठवण काढलीत, बरं वाटलं. उन्हाळी, पावसाळी, लेण्यात बसून काम करणारी ती आपली मुलं. त्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

काळाघोडा

मुंबईकरांनो, लांब जायची गरज नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी आणि जपानी वस्तूंचा चांगला संग्रह आहे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या भावांनी जमवलेला. रतन टाटा १९१८ मध्ये वारले आणि त्यांचा संग्रह या संग्रहालयाला मिळाला, दोराबजींचा त्यांच्यानंतर १९३३ मध्ये. संग्रहालय १९२२चं, म्हणजे फ्रियरहून एक वर्षाने मोठं. चिनी मातीची भांडी, जेडच्या वस्तू बघताना मला नेहमी वाटतं, आपल्या बंदराचा पूर्वेशी केवढा व्यापार होता आणि शाळेत आपल्याला त्यातलं काही सांगितलं नाही.

मी तिथे शाळेच्या सहलीतून गेलो तेव्हा बाईंनी रांगेत धरून अर्ध्या तासात सगळं संपवलं होतं. आता महिन्यातून एकदा जातो. एक कपाट घेतो, तेवढंच बघतो.

पुणेरी_मोगरा

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, पुणे-ओकायामा मैत्रीचं. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. पडद्यांमधले खडक, पाणी, पाइन जमिनीवर कसे मांडतात ते बघायला सकाळी लवकर जा. आमच्या सासूबाई पुलावर उभ्या राहून मासे बघतात, मी वाट वळली की पुढचं दृश्य कसं उलगडतं ते. धागाकर्तीने पडद्यासमोरून चालण्याबद्दल लिहिलंय, तेच इथे पायांनी होतं.

गिंको

तोक्योहून. इथे उएनोमध्ये राष्ट्रीय संग्रहालय आहे, १८७२चं. मुख्य इमारत होन्कान, तिथे फक्त जपान. आणि बाजूला तोयोकान, तिथे बाकी आशिया: चीन, कोरिया, भारत, गांधार. मी इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात घरची आठवण येऊन तोयोकानमध्ये गेलो होतो. गांधाराच्या बुद्धासमोर एक जपानी आजी हात जोडून उभ्या होत्या. मी भारतातला आहे कळल्यावर त्यांनी मलाही वाकून नमस्कार केला. मला काय करावं कळेना, मीही वाकलो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, तुम्ही कोणत्याही देशात बघा. कागद आणि रेशमावरची चित्रं उजेडाने विटतात. म्हणून ती काही महिने मांडतात आणि मग काही वर्षं पेटीत विश्रांतीला ठेवतात. प्रवासाला निघण्याआधी संकेतस्थळावर बघा, हवी ती वस्तू मांडलीय का. माझे सासरे एका पडद्यासाठी मुद्दाम आले आणि तो नेमका आत गेला होता. पण जपानी घरातही असंच असतं. लोंबतं चित्र ऋतूप्रमाणे बदलतात, पाहुण्यासाठी काढतात, पाहुणा गेला की गुंडाळून पेटीत. बारा महिने भिंतीवर काही टांगून ठेवत नाहीत.

पिंगुळीकर

गिंको, हे वाचून आमच्या पिंगुळीची चित्रकथी आठवली. कुडाळजवळचं आमचं गाव. ठाकर समाजाकडे कागदावरच्या चित्रांच्या पोथ्या असतात. एकेक पान उभं करायचं, त्याची कथा गायची, मग पुढचं पान. चित्र नेहमी समोर नसतंच, गोष्ट येते तेव्हा येतं. जपानी एमाकी गुंडाळ्याही हातभर उलगडत, मागचं गुंडाळत बघतात ना? संग्रहालयात त्या सबंध पसरून ठेवलेल्या बघितल्या की मला वाटतं, कुणीतरी सगळी गोष्ट एका दमात सांगून टाकली.

वाटसरू

व्यावहारिक प्रश्न विचारतो. सासूबाई येणार आहेत, गुडघ्यांचं दुखणं त्यांनाही आहे. सोबत सात वर्षांचा मुलगा. तिकीट, वेळ, चालणं किती? इतकं वाचल्यावर आमचाही एक दिवस ठेवतोय.

कृष्णाकाठ

तिकीट नाही, फुकट आहे. सकाळी १० ते संध्याकाळी साडेपाच, फक्त २५ डिसेंबरला बंद. मेट्रोचं स्मिथसोनियन स्टेशन अगदी जवळ. पायऱ्या टाळायच्या असतील तर इंडिपेन्डन्स अॅव्हेन्यूच्या बाजूने आत या. चाकाची खुर्ची तिथे फुकट मिळते, संकोच करू नका. माझ्या आईने आधी नको म्हटलं, मग बसली आणि दुप्पट बघितलं. फोटो काढू देतात, फ्लॅश नाही. अंगावर शाल हवी, आत थंड असतं.

मुलासाठी सॅकलरमध्ये खाली उतरा. शू बिंगची माकडांची साखळी छतापासून तळघरातल्या पाण्यापर्यंत लोंबते. पाण्यातला चंद्र पकडायला एकमेकांच्या शेपटीला धरून उतरलेल्या माकडांची जुनी बौद्ध गोष्ट आहे ती. आणि प्रत्येक माकड म्हणजे कुठल्या ना कुठल्या भाषेतला 'माकड' हा शब्द. त्याला आधी गोष्ट सांगा, मग वरून खाली जिना उतरत बघा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. राकूच्या चिमट्याची खूण आणि ग्रिफिथ्सचे विद्यार्थी, हे दोन त्यांनी परत वाचायला लावले. अजिंठावारी, बाबा म्हणताहेत, डिसेंबरात परत गेलो की आधी अजिंठा. १९७८ मध्ये ते मुलांची सहल घेऊन गेले होते, तेव्हा पोरं मोजण्यातच दिवस गेला.

काल संध्याकाळी कामावरून आले तर जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरलेली. माझ्या मुलीच्या रंगपेटीतला कुंचला आणि पाण्यात कालवलेला काळा रंग. बाबा लाटा काढत होते. कागदामागून कागद, नुसत्या रेघा. तो कुंचला आखूड केसांचा, पाणी धरत नाही, त्यामुळे वितभर गेलं की रेघ सुकते. "एका दमात जायला पोट मोठं हवं कुंचल्याचं," म्हणाले. निळी_शाई, लांब रेघेसाठी जपानी कुंचला कोणता घ्यायचा? इथे मिळेल असा सांगा.

निळी_शाई

बोकडाच्या केसांचा घ्या, लांब केसांचा. तो मऊ असतो, पोटात भरपूर पाणी धरतो. सुरुवातीला हाताला फार लुळा वाटेल, काकांना चार दिवस चिडचिड होईल. नवीन कुंचल्याच्या केसांना खळ लावलेली असते, ती कोमट पाण्यात बोटांनी हळूहळू सोडवायची, उकळतं पाणी नको. आणि वर्तमानपत्र ठीक आहे सरावाला, पण एकदा तरी कोझोचा, म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, जपानी कागद द्या त्यांना. दुकानाची नावं व्यक्तिगत निरोपात पाठवते. लाटांचे फोटो इथे टाका.